लढाय इली काय माका उठय

रात्रीचा एक वाजायला आलाय. सावंतवाडीपासून दहा-बारा किलोमीटर आत, काजूच्या बागांतून वळत जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं एक देऊळ आहे. देवळापुढं मांडव, मांडवात एक लाकडी बाकडं आणि मागं एकच पडदा. तुम्ही चटईवर मांडी घालून बसलाय. हातात कागदाच्या पुडीत गुळाचं खाजं, कानाला मफलर, पाठीशी देवळाचा गार खांब. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा होऊन गेली की या भागात रोज कुठं ना कुठं जत्रा असते, आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार. मालवणीत धयकालो.

दुपारी तुम्ही मोती तलावाला एक फेरी मारली होती. चितारआळीत लाकडी आंबे-केळी हाताळली, गंजिफांचा एक डबा उघडून बघितला, किंमत ऐकून हळूच मिटला. दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगाची 12 पानं, सगळी मिळून 120. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्यानं उघडायचा, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असलेल्यानं. खेळ तोच, पण रात्रीचा कायदा वेगळा. दुकानात ते नुसतं गमतीचं वाटलं होतं. इथं या मांडवात बसल्यावर पटायला लागलंय.

शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा आजीच्या गोधडीत शिरला आहे. डोळे मिटता मिटता तो म्हणतो, "आजये, लढाय इली काय माका उठय."

"उठयतंय. नीज तू."

पोरगं झोपतं. तुम्हाला हसू येतं, पण विचार करा, थरारपटाबद्दल एवढं नेमकं कुणी बोललंय का? नाईकाचं गाणं, राजाचं लांबलचक भाषण, संकासुराचे चावट टोमणे, हे त्याला नको आहे असं नाही. ते सगळं झोपेतून त्याच्या कानावर पडत राहणार आहे. मात्र उठायचं लढाईला.

आणि आता लढाई येते. पेटी थांबते, मृदंग आणि झांज पुढं होतात. दोन राजे समोरासमोर. तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी रंग. एकीचं टोक तुटलंय ते तुम्हाला इथूनही दिसतं. पण ते वार करत नाहीत. फिरतात. एकमेकांभोवती, तालावर पाय टाकत, नजर न सोडता. एक चक्कर, दोन चक्कर. मृदंगाची लय दुप्पट होते, पायांतले घुंगरू तिला गाठतात. एकजण उडी मारून बाकड्यावर चढतो. बाकडं हलतं. ते त्या रात्रीतलं राजाचं सिंहासन आहे, मघाशी रथ होतं, त्याआधी डोंगर. पण हललं ते बाकडंच, आणि मांडवातल्या चारशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. मुकुट कलतो, नट डाव्या हातानं सावरतो, उजवा हात वरच आहे. झांज. वार.

तुम्ही मोजलेत म्हणून सांगायचं: पाच मिनिटांच्या लढाईत तलवारीला तलवार नऊ वेळा लागली. बाकी सगळा वेळ आता लागेल, आता लागेल.

लढाई संपते, पेटी पुन्हा सुरू होते, राणी विलाप करते. राणी म्हणजे दुपारपर्यंत गवत कापणारा कुणीतरी पुरुष, आणि फार छान रडतो. तुमचे डोळे जड होतात. आजीला म्हणता, "आजी, माकाय उठया हां."

"व्हय, व्हय. सगळ्यांका उठयतंय."

खांद्यावर हात पडतो. उठता. मांडव नाही.

मुंबई, मंगळवार, 7 जुलै 1896. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, बाहेर पाऊस. एक रुपया तिकीट देऊन आत आलेली माणसं खोलीत दाटीनं बसली आहेत, बहुतेक गोरी. ल्युमिए बंधूंच्या माणसानं यंत्राची मूठ फिरवायला घेतली आहे. पडद्यावर एक स्टेशन. दूरवर ठिपका. ठिपक्याची आगगाडी होते.

पॅरिसमध्ये ही गाडी बघून लोक खुर्च्या सोडून पळाले, ही गोष्ट पुढं शंभर वर्षं सांगितली जाणार आहे. इथं तरी तुम्हाला कुणी पळताना दिसत नाही. गाडी अंगावर येतच नाही. तिरकी येते आणि पडद्याच्या डाव्या कडेनं निघून जाते. सगळा खेळ एका मिनिटाच्या आत आटोपतो. मात्र बुटातली तुमची बोटं आखडली आहेत, आणि तुम्ही तर विसाव्या शतकातले सगळे थरारपट बघून आलेले. यात हाणामारी नाही, खलनायक नाही, गोष्टही नाही. काहीतरी लांबून जवळ येतंय आणि ते कुठं थांबेल ते माहीत नाही, एवढंच आहे. बाकी सव्वाशे वर्षांत सिनेमानं त्यात जी भर घातली ती बरीचशी याच्यावरची सजावट आहे, असं माझं मत. भांडा हवं तर.

पुन्हा डुलकी, पुन्हा हात. पुणे, फेब्रुवारी 1920. मंडईजवळचं आर्यन थिएटर. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. बाबूराव पेंटरांनी तो स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रित केलाय. लेथवर पितळेचे भाग कातून, परदेशी यंत्र बघून बघून जुळवलेल्या कॅमेऱ्यावर. पडद्याला आवाज नाही. भीम कीचकाला धरतो. झटापट, आणि मग धडावेगळं डोकं.

बायकांच्या बाजूला किंकाळी उठते. कुणीतरी भोवळ येऊन पडल्याचं सांगतात. तो प्रसंग पुढं कापावा लागला.

कीचकवध तुम्हाला नवा नाही. मांडवात तो किती जत्रांना पाहिलाय. तिथं कीचक मरतो म्हणजे नट दोन गिरक्या घेऊन पडद्याआड जातो आणि पाच मिनिटांनी दुसरा मुकुट घालून विराटाच्या दरबारात परत येतो. कुणी किंचाळत नाही, पण कुणी झोपतही नाही. पेंटर मोठा माणूस. टिळकांनी त्यांना सिनेमाकेसरी म्हटलं ते उगाच नाही, आणि तीनच वर्षांनी 'सिंहगड'मध्ये त्यांनी विजेच्या दिव्यांवर रात्रीची लढाई टिपली ती कमालच होती. पण तुटलेलं डोकं दाखवलं की थरार संपतो आणि किळस सुरू होते. ही चूक अजूनही दर शुक्रवारी कुणीतरी करतंच.

त्या 'सिंहगड'मध्ये शेलारमामा झालेला एक तरुण आहे. नाव शांताराम वणकुद्रे. त्याची पुन्हा गाठ पडेल.

यावेळी हात पडतो तो ओठांवर बोट ठेवूनच. श्श.

1931 सालाची सुरुवात, मुंबई, रात्रीचा दीड. केनेडी ब्रिजजवळचा ज्योती स्टुडिओ. इथं चित्रीकरण रात्री एक ते चार या वेळातच चालतं, कारण लागूनच रेल्वेचे रूळ आहेत आणि दिवसभर लोकल धावतात. अर्देशीर इराणींना यावेळी आवाजही पकडायचा आहे. म्हणून शेवटची गाडी गेली की काम सुरू, पहिली गाडी सुटली की बंद. धयकाल्याचीच वेळ. फरक एवढाच की तिथं या वेळेला मृदंगवाला घाम गाळत असतो आणि इथं खोकायचीसुद्धा बंदी आहे. मायक्रोफोन कुठं सजावटीत, कुठं कोपऱ्यात दडवलेले. आवाज थेट त्याच फितीवर उमटतो, नंतर काही दुरुस्त करायची सोय नाही. दिव्यांच्या उकाड्यात सगळे पुतळ्यासारखे उभे.

त्या पुतळ्यांतला एक बघा. मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या पेंटरांकडं फिती कापण्या-जोडण्यापासून सुरुवात केलेला, 'कल्याण खजिना'त नर्तकीच्या वेशात नाचलेला, मग मुंबईत शारदा फिल्म कंपनीत येऊन मूकपटांचा राजा झालेला. खिडकीतून उडी, घोड्यावर मांड, तलवार, दोर, भिंत. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणतात. शारदा सोडून इकडं आला म्हणून कोर्टात दावा लागला, आणि तो लढवायला बॅरिस्टर जिना उभे राहिले. एवढी किंमत त्याच्या उड्यांची.

आणि आता तो उभा आहे. उडी मारायची नाही, पायाचा आवाज होतो. तलवार काढायची नाही, म्यान खणखणतं. बोलायचं आहे, आणि ते नेमकं जमत नाही. उर्दू उच्चार जिभेवर बसेनात म्हणून 'आलम आरा'त त्याला बराच वेळ गुंगीत ठेवला, असं सांगतात. ज्याचं अंगच बोलायचं त्याला तोंडानं बोलायला उभं केलं आणि मग गप्प केलं.

14 मार्चला 'आलम आरा' लागला तेव्हा गिरगावात मॅजेस्टिकसमोर रेटारेटी झाली, पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांची तिकिटं काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेली. लोक ऐकायला आले होते. बरोबरच आहे, पडदा पहिल्यांदा बोलत होता. पण त्या गर्दीत एखादं सावंतवाडीकडचं पोर बापाच्या खांद्यावर झोपलं असेल, तर त्याला लढाईला उठवायची पाळी बहुधा आली नसावी.

मास्टर विठ्ठल संपला नाही. पुढं मराठीत भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये दिसला, 1969 पर्यंत जगला. त्याचे मूकपट मात्र संपले. भारतात 1300च्या आसपास मूकपट झाले, आज बघायला उरलेत जेमतेम दोन-अडीच डझन. उरलेल्यांत पुण्याचा एक 1931 चा 'दिलेर जिगर' आहे. त्याची फीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली. नायक-नायिका रस्त्यावर कसरती करणारे डोंबारी. नायिका तलवार चालवते, आणि ती आहे ललिता पवार. हो, खाष्ट सासूच. अकरा वर्षांनी, 1942 मध्ये, एका चित्रीकरणात भगवानदादांची एक थप्पड नको तेवढी जोरात लागली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. तलवारींनी जे झालं नाही ते एका थपडेनं झालं. थपडेचा ताल कुणी बसवला नव्हता.

हा भाग मी जरा रेंगाळून सांगितला, कारण आपल्याकडं थरारपटाचा इतिहास म्हटलं की लोक थेट 'शोले'तल्या गब्बरपाशी जातात.

1936. परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हिटोन. निळ्या डोळ्यांची, ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजे फिअरलेस नादिया, 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये आगगाडीच्या टपावर मारामारी करते. तुम्ही पिटात बसलाय. भोवती गिरणीतली माणसं, त्यातली निम्मी तळकोकणातली. नादिया एका गड्याला डोक्यावर उचलते. खोटं काही नाही, उचलतेच. पिटातून आरोळी. वॉटसनमधली ती गाडी चाळीस वर्षांनी इथं पोचली, आता तिच्या टपावर बाई आहे. 'हंटरवाली' आदल्या वर्षीचा. ज्या देशात बाईनं मोठ्यानं हसू नये म्हणत, तिथं पिटातले पुरुष शिट्ट्या वाजवून हिला आणखी मार म्हणताहेत. यावर एक वेगळा लेख होईल, आज नको.

हीच लवजी कॅसलची जागा 1942 मध्ये शेलारमामानं घेतली. राजकमल कलामंदिर. आणि 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये पन्नाशी ओलांडलेले व्ही. शांताराम स्वतः बैलाच्या शिंगांना भिडले. बैलाला कथा माहीत नव्हती. डोळ्यांना इजा झाली, काही काळ पट्ट्या बांधून अंधारात काढावा लागला. तो प्रसंग आज बघितलात तर बैलाच्या शिंगापेक्षा शांतारामांच्या पायांकडं बघा. पाय मातीत घसरतात. ते घसरणं अभिनय नाही.

"उठ, इली!"

यावेळी आवाज जोरात आहे. तुम्ही पनवेलजवळ रेल्वेमार्गाच्या कडेला उभे आहात. चढत्या उन्हात रूळ चकाकताहेत. 'शोले'चा सुरुवातीचा गाडीवरचा दरोडा इथं चित्रित होतोय, एकच प्रसंग, सात आठवडे. पडद्यावर तो काही मिनिटांचा. कोळशाचं इंजिन मागं-पुढं, मागं-पुढं. घोडे गाडीच्या बरोबरीनं पळवायचे, स्वार पडायचे, पुन्हा घोडे जागेवर. झुंजी बसवायला मुंबईच्या लोकांबरोबर विलायतेहून माणसं आणली आहेत. दिवसातून मोजक्या वेळा सगळं जुळतं. बाकी वेळ धूळ, पाणी, घोड्याच्या नालेचा घोळ आणि वाट बघणं. कंटाळ्याचं केवढं काम असतं थरार!

आणि टांग्याचा पाठलाग. पडद्यावर बसंती, पण जीव टांगणीला लागतो त्या बहुतेक क्षणांत लगाम रेश्मा पठाण या मुलीच्या हातात आहे. एकदा टांगा उलटला, ती खाली सापडली, टाके पडले. ती परत टांग्यावर चढली. कित्येक वर्षं तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

आता डोळे मिटा आणि उघडा. 15 ऑगस्ट 1975, मुंबई, मिनर्व्हा. 70 मिलिमीटरचा पडदा, चहूबाजूंनी आवाज. जय नाणं उडवतो. नाणं फरशीवर पडतं आणि शेजारचा माणूस खाली वाकून खुर्चीखाली बघतो. अशी माणसं खरोखर वाकत, असं त्या काळातले प्रेक्षक सांगतात.

पण तुम्हाला नाण्यासाठी उठवलेलं नाही. ठाकूरच्या घराचा प्रसंग बघा. दुपार. अंगणात मुलं, टांगलेला झोपाळा. लांबवर घोडेस्वार दिसतात. वॉटसनमधला तोच ठिपका! मग गोळ्या, एकेक. संगीत जवळजवळ नाही. झोपाळ्याची करकर ऐकू येते. शेवटी लहान मुलापुढं घोड्यावरचा गब्बर. बंदूक. आवाज येतो आणि त्याच क्षणी दृश्य तोडलेलं. मूल पडताना तुम्ही पाहिलेलं नाही. या प्रसंगाला 23 दिवस लागले. पेंटरांनी 1920 मध्ये जे दाखवलं ते इथं दाखवलेलं नाही, आणि म्हणून पन्नास वर्षं कुणी ते विसरलेलं नाही. करकर काय, झांज काय, काम एकच.

तिकडं जपानात अकिरा कुरोसावानं 1954 मध्ये 'सेव्हन समुराई' करताना हेच ओळखलं होतं. गाव राखायला आणलेले लढवय्ये, दरोडेखोर, आणि लढाई सुरू व्हायच्या आधी कितीतरी वेळ नुसती तयारी: कुंपण, खंदक, नकाशा. 'शोले'वर त्याचं ऋण आहेच. हे चित्रपट मोठे आहेत ते मारामारीमुळं नाहीत. मारामारी येईपर्यंत त्यांनी आपल्याला बसवून ठेवलं, कोण मेल्यावर आपल्याला वाईट वाटेल ते ठरवून घेतलं, आणि घर कुठं, टेकडी कुठं, पूल कुठं, हे पायाखालच्या वाटेसारखं सांगून ठेवलं. आपल्याला जागा माहीत असते, म्हणून माणूस कुठून येईल याची धास्ती वाटते. मांडवातही तेच. बाकडं एकच, सगळ्यांच्या समोर; त्यावर कुणीतरी चढणार हे साऱ्यांना आधीपासून माहीत.

आणि 'शोले' गावागावात कसा पोचला? आधी कानांनी. पॉलिडोरनं संवादांच्या तबकड्या काढल्या. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या घरी, हॉटेलातल्या कर्ण्यावर गब्बर बोलायचा. चित्रपट न पाहिलेल्या पोरांना लढाई पाठ होती. डोळ्यांनी पाहिली तेव्हा काहींची निराशा झाली म्हणतात. शक्य आहे. गोधडीतून ऐकलेली लढाई नेहमी मोठीच असते.

हात पडतो. गार हात. "उठा. हंडी फुटली."

उजाडलंय. मांडवावर दंव. धयकालो संपला, दह्याची हंडी फुटली, काल्याचा प्रसाद वाटून झाला. पुरुष चटया गुंडाळताहेत. तुमच्या समोर कॉलेजातला एक मुलगा मोबाईलवर कुठल्यातरी नव्या चित्रपटाची मारामारी बघतोय. तुम्ही मान वाकवून बघता. दर सेकंदाला दृश्य तुटतंय. कोण कुठं उभा आहे कळत नाही. एक माणूस इमारतीवरून पडतो, उठतो, कपडे झटकतो. काचा, ज्वाळा, गाड्या हवेत. तुम्ही जांभई देता. तंत्राबद्दल तक्रार नाही. संगणकावर डोंगर उडवणं हीसुद्धा कारागिरीच. पण यात लागत कुणालाच नाही. बाकडं हललं तेव्हा जे चारशे माणसांना वाटलं, ते या तीनशे कोटींत कुठंही बसवलेलं नाही. तीनशे हा आकडा मी वाऱ्यावरचा घातलाय. जाहिराती घालतात तसाच.

चहाच्या टपरीवर रात्रीचा राजा बसलाय. अंगात बनियन, गळ्याशी अर्धवट पुसलेला रंग, कानामागं लाल रेघ राहून गेली आहे. पेटारा शेजारी. वय साठीच्या पुढचं असावं. कुणीतरी त्याला विचारतं, दशावतारावरचो तो सिनेमा बघलास काय, दिलीप प्रभावळकराचो? 2025 च्या सप्टेंबरात लागलेला 'दशावतार', ऐंशी पार केलेल्या प्रभावळकरांनी त्यात म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री केलाय. राजा म्हणतो, बघलंय. बरो आसा. एवढंच. समव्यावसायिकाबद्दल नट जेवढं बोलतो तेवढंच.

तुमची नजर त्याच्या उजव्या हातावर जाते. अंगठ्याच्या बुडाशी नवा ओरखडा, त्यावर हळद.

"तलवार लागता काय कधी?"

"लागता तर." तो बशीत चहा ओततो. "तालात ऱ्हवलंय तर नाय लागणा. मृदंगवालो चुकलो काय लागलीच म्हणून समजा."

"काल चुकलो?"

"थोडोसो." तो पलीकडं बसलेल्या मृदंगवाल्याकडं बघतो. मृदंगवाला दुसरीकडं बघतो.

नवव्या वाराला तुम्ही श्वास का रोखला होता, ते आता कळतं.

मांडवात परत येता. आजी गोधडीची घडी घालतेय. मुलगा डोळे चोळत उठून बसलाय. रिकामं बाकडं बघून त्याचा खालचा ओठ बाहेर येतो.

"लढाय झाली?"

आजी तुमच्याकडं बघते, तुम्ही आजीकडं. तिच्या गालावर चटईचे वळ उमटलेत. तीही झोपली होती. रात्री तुम्हाला उठवणारा हात कुणाचा होता, ते विचारायची ही वेळ नव्हे.

"झाली रे बाबू. फुडच्या जत्रेक बघूया."

राजानं पेटारा टेम्पोत चढवलाय, तुटक्या टोकाची तलवार वरच ठेवली आहे. आज रात्री तीच मंडळी, तेच बाकडं, शेजारच्या गावात. तुमची गाडी सावंतवाडी रोडहून उद्याची असेल तर थांबा, जा. खाजं घ्या, मफलर घ्या. आणि सोबत एखादं पोर असेल आणि ते झोपताना काही सांगून झोपलं असेल, तर कृपा करून जागे राहा.